मान्यतेस्तव सादर

रात्री साडेदहाला फोन वाजला की मी नाव न बघताच म्हणतो, "काय विचारतोय?"

"अरे, तो विचारतोय," पलीकडून नाना दबक्या आवाजात, "बदल जतन करायचे का म्हणून."

"मग होय म्हणा."

"म्हणू? बघ हं."

असे एक नाना तुमच्याही इमारतीत असणारच. आमचे जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. संगणकाला ते 'तो' म्हणतात आणि त्याने काही विचारलं की उठून उभे राहतात. अक्षरशः, खुर्ची मागे सरकवून. छत्तीस वर्षांच्या नोकरीत वरून 'नक्की का?' असं आलं की मागोमाग कारणे दाखवा नोटीस आलेली त्यांनी पाहिली आहे. शिवाय 'होय' म्हणणं कारकुनाचं कामच नव्हे. कारकून 'मान्यतेस्तव सादर' लिहून फाइल वर सरकवतो. इथे वर कोणी नाही, म्हणून मी.

बरं, वेतनवाढ अडकेल या धाकाने का होईना, नाना एमएस-सीआयटी ही संगणकाची परीक्षा पहिल्या झटक्यात पास झालेत. म्हणजे येतं सगळं. फक्त मान्यता लागते. परवा म्हणाले, "तो विचारतोय, कुकीज स्वीकारणार का. भेटवस्तू घेणं नियमात बसत नाही रे."

सोसायटीच्या नोटिसा तेच टाइप करतात. प्रत्येक ओळ संपली की एंटर. मी त्यात 'पाणी' चं 'पाणीपुरवठा' केलं, तर सगळ्या ओळी मधेच तुटून जिन्यासारख्या खाली उतरल्या. मी चिडलो. नाना शांतपणे म्हणाले, "घंटा कुठे वाजली ते कळलंच नाही ना." टाइपरायटरवर समास जवळ आला की घंटी वाजायची, मग डाव्या हाताने कॅरेज ढकलायचा. इतकी वर्षं ढकललेला हात असा कसा थांबेल? आणि वेलांटी! टंकयंत्रावर 'कि' मारताना आधी वेलांटी, मग क. संगणकाला आधी क हवा. नाना सवयीने वेलांटी मारतात आणि ती ठिपक्यांच्या पोकळ गोलावर बेवारस लोंबकळते. "तो विचारतोय, ही कुणाची?"

माझ्या पहिल्या नोकरीचा अर्ज याच माणसाने गोदरेजच्या मशीनवर मारला होता, कार्बन घालून, एकाही खाडाखोडीशिवाय. फीत अडकली तेव्हा झाकण उघडून बोटं काळी केली आणि दोन मिनिटांत मशीन पुन्हा खडखडायला लागलं. खटका कुठे, हातोडी कुठे, सगळं डोळ्यांसमोर. त्या यंत्राने त्यांना कधी काही विचारलं नाही. मी दिवसभर मेलला ज्याला 'सीसी' म्हणतो, ती त्यांची कार्बन कॉपी. हे मला माहीत होतं. नानांचा फोन उचलताना आठवत नव्हतं, एवढंच.

नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला. 2014 साली केंद्र सरकारने तो घरबसल्या काढायची सोय केली, म्हणून मी अंगठ्याचं यंत्र घेऊन गेलो. नानांनी अंगठा ठेवला. जुळला नाही. पुसून ठेवला, दुसरा ठेवला, मग एकेक करून दहाही बोटं. म्हातारपणी बोटांवरच्या रेषा झिजतात. यांच्या तर कळांवरच झिजल्या असाव्यात.

"तो विचारतोय," नाना म्हणाले, "मी आहे का?"

या वेळी ते उभे राहिले नाहीत.

शेवटी मोबाइलवर चेहरा दाखवायचं ठरलं. 'पापणी मिटा' असं आलं. नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, मग त्यांनी पापणी मिटली. दाखला निघाला.

"प्रिंट काढायची का, विचारतोय."

"होय म्हणा, नाना. किती प्रती?"

"दोन काढ," ते म्हणाले. "एक स्थळप्रत."