डुक्कर घाटात उकळते

काकांची फियाट अकराशे 1957 सालची. गोलमटोल नाक, उलटी उघडणारी पुढची दारं. गिरगावात तिला सगळे 'डुक्कर फियाट' म्हणतात. काकांसमोर मात्र 'मिलेचेंतो'. 2021 च्या नियमानुसार पन्नाशी उलटलेली गाडी 'व्हिंटेज' ठरते, हे काका कोणी न विचारता सांगतात.

पुतण्याची वरात याच गाडीतून निघाली. दुसऱ्या दिवशी पुण्याला व्याह्यांकडे पूजा. काका, काकू, भाचा आणि लाडवांचे चार डबे घेऊन डुक्कर निघाली. एक्स्प्रेसवेवर हिची शोभा जाते, असं काकांचं मत; म्हणून जुना रस्ता.

खोपोलीपर्यंत गाडी शहाण्यासारखी वागली. पुढे बोरघाट. 1830 मध्ये हा रस्ता चाकांच्या वाहतुकीला खुला झाला. इंग्रजांना घाटाची वाट दाखवली ती शिंग्रोबा धनगराने, अशी कथा आहे. त्याच्या देवळाशी ड्रायव्हर नाणं टाकून पुढे जातात. काकूंच्या पर्समधून नाणं निघेपर्यंत बॉनेटमधून वाफ निघाली.

भाचा उडी मारून रेडिएटरच्या झाकणाकडे धावला.

"हात लावू नकोस! कारंजं उडेल, थोबाड भाजून घेशील!" काका ओरडले.

वैद्य जमायला वेळ लागला नाही. एका टेम्पोवाल्याने बादलीभर गार पाणी थेट इंजिनावर ओतायची तयारी दाखवली. तापल्या ब्लॉकला त्याने तडा जातो. काकांनी बादली अक्षरशः हिसकावून घेतली. मग आयुष्य काळी-पिवळीत काढलेले एक गृहस्थ थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरून फियाट टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात गेली, त्यांचा हात मात्र अजून बॉनेट दिसलं की शिवशिवतो. "पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाका, शेठ." उपाय जुना आणि नामी, पण तो नळीत पेट्रोलची वाफ अडकते त्यावरचा. इथे रोगच दुसरा. तरी काकूंचा नवा नॅपकिन कामी आलाच.

काकांनी फॅनबेल्ट अंगठ्याने दाबून पाहिला, ताण बरोबर. होजपाइप कोरडे. थर्मोस्टॅटचा प्रश्नच नव्हता, तो त्यांनी फार पूर्वी काढून माळ्यावर ठेवला होता. चाळीस मिनिटांनी नॅपकिनची घडी धरून झाकण सैल केलं, इंजिन चालू ठेवून हळूहळू पाणी भरलं. दोन वळणं गेली आणि पुन्हा वाफ.

"काहीतरी शिजतंय," काकू म्हणाल्या.

"इंजिन शिजतंय!"

"नाही हो. झेंडू."

त्या वाकल्या आणि जाळीतून आत डोकावल्या. रेडिएटरच्या बारीक पत्र्यांवर झेंडूच्या पाकळ्यांचा जाड थर बसला होता, कडेने तपकिरी, मध्ये अजून केशरी. वरात माणसाच्या चालीने चालली होती. आतला पंखा हवेबरोबर हारातली फुलंही ओढत राहिला. सपाटीवर गाडीच्या वेगाने थोडीबहुत हवा आत शिरत होती. घाटात गियर खालचा, वेग बैलगाडीचा, इंजिन मात्र जोरात फिरणारं. त्यात वाराच अडलेला. काकूंनी अंबाड्यातला आकडा काढला आणि पाकळ्या एकेक करून टोकरल्या. टॅक्सीवाले गृहस्थ हात मागे बांधून बघत राहिले.

त्यानंतर गाडी एका दमात खंडाळ्याला पोचली. पुण्यात व्याही दारात उभे होते, हातात हार. ते गाडीकडे वळले तसे काका दोन्ही हात पसरून जाळीसमोर आडवे झाले.

"गाडीला नको हो! माझ्या गळ्यात घाला!"