रा. रा. डी-टॅपराव केबल यांस

कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

परवा शूटिंग ऐन भरात असताना आपण कॅमेऱ्यातून मॉनिटरकडे चित्र पाठवणारे दोन्ही एसडीआय पोर्ट कायमचे सेवामुक्त केलेत. युनिटच्या वतीने आपले आभार मानायचे राहून गेले होते. निर्मात्यांनी त्या वेळी काढलेले उद्गार आपण आभार म्हणून स्वीकारू नयेत. ते वेगळ्या अर्थाचे होते.

आपला व्याप केवढा, हे चित्रपट पाहणाऱ्यांना कुठून ठाऊक असणार? कॅमेऱ्याच्या पाठीवर व्ही-माउंट बॅटरी बसते. तिच्या बगलेतल्या दोन भोकांत आपण शिरता आणि मॉनिटर, वायरलेस ट्रान्समीटर, फोकसची मोटर अशा अख्ख्या गोतावळ्याला वीज पाजता. भाड्याच्या यादीत मात्र कॅमेरा आणि लेन्स ठळक अक्षरांत, आणि आपण ‘केबल्स : एक पिशवी’ या ओळीत. असा विनय दुर्मीळ.

आपले तोंड इंग्रजी डी अक्षरासारखे केले ते प्लग एकाच बाजूने बसावा म्हणून. पण आपण पडलात मोठ्या मनाचे! आपले प्लास्टिक इतके मवाळ, की अटेंडंटने घाईत अंगठा जरा जोरात दाबला तर आपण उलटेही बसता. धन आणि ऋण हा भेदभाव आपल्याला मान्य नाही. मॉनिटरला तो असतो, हा त्याचा कोतेपणा.

आपल्या दातृत्वाबद्दल काय बोलावे? बॅटरीवर 14.4 व्होल्ट छापलेले असते. पूर्ण भरली की ती 16.8 देते आणि उतरत उतरत 12 च्या आसपास येते. आपण मध्ये कसलीही ढवळाढवळ करत नाही, जे आले ते पुढे. एखाद्या गरीब उपकरणावर ‘फक्त 12 व्होल्ट’ लिहिलेले असले तरी सकाळच्या पहिल्याच शॉटला ताज्या बॅटरीचे सगळे दान आपण त्याच्या पदरात टाकता. आपले एक चुलतभाऊ तर ॲरी या जर्मन कंपनीच्या कॅमेऱ्याच्या तीन पिनांच्या आरएस पोर्टात बसून 24 व्होल्ट वाटतात. घराणेच दानशूर.

पण आपली खरी कर्तबगारी ऋण तारेत. मॉनिटरने ओढलेला प्रवाह त्याच तारेने बॅटरीकडे परतावा, असा साधा करार. आपले सोल्डरिंग मात्र कोणत्या मुहूर्तावर झाले होते देव जाणे! तार आतल्या आत सुटली, आणि मॉनिटर? तो चालूच. कारण शेजारून एसडीआय केबल गेलेली, आणि तिचे जाळीदार आवरण कॅमेऱ्याच्या ग्राउंडला जोडलेले. मॉनिटरचा सगळा प्रवाह त्या आवरणातून परतू लागला, आणि पडद्यावर चित्र इतके सुरेख की कुणाला शंकाही येऊ नये. मग कुणीतरी एसडीआयचे कडे फिरवले. आवरण क्षणभर सुटले, मधली पिन टेकलेलीच राहिली. त्या पिनेवरून जेमतेम 0.8 व्होल्टचा सिग्नल जायचा. आपण तिथून बॅटरी पाठवलीत. एवढ्या जवळिकीची पोर्टामागच्या चिपला सवय नव्हती.

आपली कीर्ती जर्मनीतही पोहोचली आहे, हे कळवताना आनंद होतो. एसडीआय पोर्ट कसे वाचवावेत, हे खुद्द ॲरीला लिहून सांगावे लागले: उपकरणाला आधी वीज जोडा, मग एसडीआय, काढताना आधी एसडीआय, मग वीज. आमची मुलेही हा क्रम पाळतात. पण आपण शॉट चालू असताना मधेच ऋण तार सोडून दिलीत, तर ॲरीचा क्रम काय करणार? शास्त्राला आपण नेहमी एक पाऊल मागे ठेवता.

फ्यूजचा विषय काढणे म्हणजे उद्धटपणा, तरी काढतो. आपल्या पोटात एक इवलासा फ्यूज असता तर उलटे बसल्यावर जळण्याचा पहिला मान आपल्याला मिळाला असता. पण आपण तो मोठेपणा नेहमी दुसऱ्याला देता. कॅमेऱ्याचा बोर्ड बदलण्याचे बिल आले तेव्हा डीओपीने निर्मात्याकडे पाहिले, निर्मात्याने रेंटलवाल्याकडे, आणि शेवटी तिघांनी मिळून अटेंडंटकडे. आपल्याकडे कुणी पाहिलेही नाही.

एकच प्रार्थना आहे. पुढच्या वेळी पिशवीतून बाहेर पडाल तेव्हा आपल्या दोन्ही टोकांना मल्टीमीटर लावायची, आणि आपल्याला थोडे हलवून, वाकवून पाहायची परवानगी असावी. पाहुण्याची अशी झडती घेणे शोभत नाही, हे मान्य आहे. मॉनिटरला त्याची स्वतंत्र बॅटरी लावण्याचा उपायही काही हलकट मंडळी सुचवत असतात. आपल्या पोटावर पाय आणणाऱ्या त्या लोकांकडे आपण लक्ष देऊ नये.

आपला कृपाभिलाषी,
एक कॅमेरामन

ता. क. : रेंटलवाल्याने आपल्याला काळी टेप गुंडाळून ‘ओके’ असे लेबल लावले आहे. उद्या सकाळी सातच्या शिफ्टला आपण फिल्मसिटीत दुसऱ्या युनिटकडे रुजू होत आहात. अभिनंदन.