हौसेचा भाता

लोहारकामाला अखेर प्रतिष्ठा आली, हे फार उत्तम झालं. शनिवारी अंगणात भट्टी पेटवायची, रविवारी सुरी घडवायची, सोमवारी तिचा फोटो पाठवून बोटाला पट्टी बांधायची. सुरीने टोमॅटो कापला जात नाही. पण पोलाद ‘दमास्कस’ आहे, त्याला टोमॅटोशी काय देणंघेणं?

आदिलाबादकरांनी तर याचं विशेष कौतुक करावं. जवळच्या निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रमचं पोलाद न्यायला एकेकाळी इराणचे व्यापारी येत. ‘दमास्कस’ म्हणून गाजलेल्या तलवारी अशाच पोलादाच्या. तेच नाव आता कुरिअरने घरपोच परत येतं. फेरी जरा लांबची पडली, एवढंच.

राहता राहिला रस्त्याकडेचा घिसाडी. नवरा सांडशीत लाल लोखंड धरतो, बायको घण घालते, आणि कपाशीच्या हंगामाआधी शिवारातली खुरपी-विळे धारेला लागतात. पण ना एप्रन, ना गॉगल. शिवाय तो पैसे घेतो! पोटासाठी केलेल्या कामात कला कुठून येणार? आमची नम्र सूचना: त्याने काम फुकट करावं आणि बघणाऱ्यांकडून शुल्क घ्यावं. पाल ठोकलं तर अतिक्रमण, फलक लावला की कार्यशाळा. बाईने घण तासावर भाड्याने द्यावा. शहरात घामाला महिन्याची वर्गणी पडते.

परवा एक हौशी कलावंत त्याच्या पालावर आलेच. सुरीला पाणी नीट बसलं नव्हतं. घिसाड्याने ती पुन्हा तापवली, पाणी दिलं, धार लावली आणि वीस रुपये सांगितले.

“पंधरा घे,” कलावंत म्हणाले, “लोखंड तर माझंच आहे.”