आठ मिलिसेकंद

भाच्याशी गेम खेळताना सलग अकरा वेळा मेलो, तेव्हा माझ्या लक्षात आलं की माऊस बिघडलाय. सोसायटीच्या गणपतीत तीन वर्षं कॅरमचा कप घरी आणणारी ही बोटं. त्यांची चूक असणं शक्यच नव्हतं.

साधा माऊस आपला ठावठिकाणा संगणकाला सेकंदात १२५ वेळा कळवतो, म्हणजे दर आठ मिलिसेकंदांनी एकदा. गेमवाल्यांचा हजार वेळा. माझी अब्रू मधल्या सात मिलिसेकंदांत जात होती तर! नवा माऊस मागवला. बायकोने किंमत विचारली. मी पोलिंग रेट सांगितला.

डीपीआय वाढवला, तर मनगट हलायच्या आत बाण पडद्याच्या कडेला. कमी केला, तर माऊस थेट चहाच्या कपावर. विंडोजमध्ये ‘पॉइंटरची अचूकता वाढवा’ अशा अर्थाची एक खूण असते. तिच्यामुळे हात जोरात हलवला की बाण जास्त पळतो, हळू हलवला की कमी. याला अचूकता म्हणणाऱ्याने कधी स्ट्रायकर धरला नसावा. एंगलबार्टचा १९६४ चा पहिला माऊस लाकडी होता म्हणे. तो बसला असता माझ्या हातात.

आणि माऊस साफ करण्याचं सुख तर या पिढीच्या नशिबातच नाही. पोटाखालची चकती फिरवायची, की रबरी गोळा टपकन तळहातावर. आत छोट्या रुळांवर काळ्या मळाची वळी बसलेली. नखाने खरवडताना ती अख्खी निघाली, तर फणसाचा गरा न फाटता निघाल्याचा आनंद! ऑफिसात गोळा मात्र हमखास टेबलाखाली जायचा आणि साहेब यायचे तेव्हा आम्ही तिघं रांगत असायचो. त्या ऑफिसात मनापासून दुरुस्त केलेली तेवढी एकच गोष्ट.

असो. शेवटी भाच्याने चाचणी लावली: पडदा हिरवा झाला की क्लिक. तो १९० मिलिसेकंद. मी, नवा माऊस, ३४०. जुना माऊस, ३३६.

“घाई नाही मामा. परत करा,” तो म्हणाला. इतक्या समजूतदारपणे, की मला रागच आला.

बाबा निवृत्तीनंतर माझ्याकडे संगणक शिकायला बसले होते. त्यांची दुसरी टिचकी उशिरा पडायची, फाइल उघडायचीच नाही. “बाबा, पटापट दोनदा! किती वेळा सांगू?” त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवला. “असू दे, तूच कर.” पुन्हा माऊसला हात लावला नाही.

परवा स्वतःसाठी सेटिंग खोदताना तिथेच एक पट्टी दिसली. दोन टिचक्यांमध्ये किती वेळ चालेल, ते ठरवणारी. तेव्हाही होती ती. मी ती पार ‘स्लो’कडे सरकवली. शेजारी चाचणीसाठी एक पिवळं फोल्डर असतं. त्यावर एक टिचकी मारली. थांबलो, बाबा थांबायचे तेवढा. मग दुसरी.

फोल्डर उघडलं.

“मामा, खेळताय ना?” आतून हाक आली.