बत्तीसला सोळा की वीस?

आजकाल महागड्या माउंटन बाइकच्या मागच्या चाकावर बारा दातेरी चक्रे असतात. सर्वांत मोठे 52 दातांपर्यंतचे. घाट कितीही उभा असो, पाय फिरत राहावेत म्हणून. यातली अकरा चक्रे काढून टाकून धन्य होणाऱ्यांचा एक पंथ आहे: सिंगलस्पीड.

साधेपणा हा त्यांचा धर्म. मात्र उरलेल्या एका चक्राला किती दात असावेत, यावर धर्मसभा भरते. 26 इंची चाकांच्या काळात पुढे 32, मागे 16 हे वेदवाक्य होते. 29 इंची चाके आली, तेच प्रमाण जड पडू लागले आणि मागे 18, 19 की 20, असे उपपंथ निघाले. एका दाताने फरक पडतो पाच-साडेपाच टक्क्यांचा. मैत्री तुटायला तेवढा पुरतो. निकाल तसाही ठरलेलाच: चढावर गिअर जड, सपाटीवर हलका आणि अचूक फक्त चहाच्या टपरीवर.

तरी ते सांगतात, आमच्याकडेही तीन गिअर आहेत: बसून, उभे राहून आणि उतरून ढकलत. त्यांच्या जागतिक स्पर्धेत विजेत्याला टॅटू गोंदवून घ्यावा लागतो. दात बदलता येतात, हा नाही.

आपला दूधवाला कॅन लटकवून जन्मभर एकाच गिअरवर फिरला. त्याला कोणी पंथप्रमुख केले नाही, कारण त्याच्यापाशी सोडायला गिअरच नव्हते. वैराग्यालाही आधी ऐपत लागते.