गच्चीवरून दिसणारा वृद्धाश्रम

भोर-वेल्ह्याकडचा वृद्धाश्रम पसंत करायला पुण्याहून मुलगा येतो आणि आधी गच्चीवर चढतो. राजगड दिसला, तोरणा दिसला, की सेवेचा दर्जा उत्तम! मग सीसीटीव्ही, देवघर, गाडी लावायला जागा. गुडघेदुखीमुळे आई त्या गच्चीवर कधीच चढणार नाही, हा भाग वेगळा. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात दर जिल्ह्याला निदान एक, किमान १५० निराधार वृद्ध मावतील असा आश्रम सुचवलाय. नजाऱ्याचं कलम काही त्यात नाही. रात्री दोनला पाण्यासाठी हाक मारली तर उठतं कोण, अंथरुणाला खिळलेल्या आजींची कूस कोण बदलतं, हे विचारायचं मात्र राहूनच जातं. तेवढं विचारा. आणि जाल ते न कळवता जा.