गच्चीवरच्या विमानकर्त्यास अनावृत पत्र



आपण घरी विमान बांधायला घेतलेत, त्याबद्दल प्रथम अभिनंदन. कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभे राहू शकते, हे कॅप्टन अमोल यादव यांनी २०१६च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात बीकेसीच्या मैदानावर सर्वांना दाखवले. त्यामुळे आपल्या वेडाला वेड म्हणायची आता कोणाची छाती नाही. इंजिनासाठी आपण परदेशी पत्रव्यवहार केलात, रिव्हेट एकेक पारखून घेतलेत आणि वायरिंगची वेळ येताच इलेक्ट्रॉनिक्सच्या स्वस्त बाजारासाठी लॅमिंग्टन रोड की तपकीर गल्ली एवढाच प्रश्न आपल्यापुढे उरला. ‘एक सोल्डरचं रीळ आणि एक बंडल वायर, जरा स्वस्तातली.’ काटकसरीचा सद्गुण नेमका इथेच आठवावा, हे आपल्या मध्यमवर्गीय संस्कारांना शोभून दिसते.

आधी सोल्डरचे पाहू. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे या मिश्रणाची खुबी अशी की ते १८३ अंश सेल्सिअसला एकदम वितळते आणि एकदम घट्ट होते. प्रमाण बिघडले, शिसे वाढले, की मधे एक लगद्यासारखी अवस्था येते. त्या क्षणी वायर जराशी हलली तरी सांधा कच्चा राहतो. टीव्ही मेकॅनिक ज्याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतो, तो हाच. टीव्हीत असा सांधा सापडला तर पाठीवर एक थाप मारून चित्र परत येते, ही सोय दोन हजार फुटांवर नसते. कथील शिशापेक्षा कितीतरी महाग आहे, तेव्हा मिश्रणात काय कमी पडू शकते हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. नुसते रीळ पाहून ते कळत नाही. फ्लक्सचेही तसेच. पत्र्याच्या कामाला चालणारा आम्लाचा फ्लक्स तांब्याच्या तारा आतून खात राहतो. आपल्याला राळेचा गाभा असलेलेच सोल्डर हवे. ‘शिसे विषारी, मग शिसेविरहित घेतो’, असे आपण म्हणाल. युरोपने २००६ पासून घरगुती इलेक्ट्रॉनिक्समधून शिसे हाकलले हे खरे, पण विमाने त्या नियमातून वगळलेली आहेत. शिसेविरहित सोल्डर सुमारे २१७ अंशांना वितळू लागते, आणि शुद्ध कथलाच्या पृष्ठभागावर कालांतराने केसासारखे तंतू उगवून शॉर्ट होऊ शकतो. शिसे वापरा आणि जेवायच्या आधी हात धुवा.

खरी गंमत पुढेच आहे. ज्या सोल्डरसाठी आपण एवढी घासाघीस करणार, ते विमानात मुळात थोडेच लागते. वितळलेले सोल्डर इन्सुलेशनखाली तारांच्या जुडग्यात शिरते, तेवढा भाग ताठ होतो आणि जिथे ताठपणा संपतो तिथे इंजिनाच्या थरथरीने वायर तुटते. म्हणून वायरच्या टोकाचा धातूचा लग योग्य साच्याच्या रॅचेट हत्याराने दाबून घट्ट बसवतात, म्हणजेच क्रिंप करतात. पकडीने चेचलेला लग म्हणजे क्रिंप, असा आपला समज असल्यास तो जमिनीवर असतानाच सोडावा. वायरही घरातली चालत नाही. घरगुती पीव्हीसी वायर साधारण ७० अंशांपर्यंतची. विमानातली टेफझेल आवरणाची वायर १५० अंश सोसते. पीव्हीसी जळली की हायड्रोजन क्लोराइडचा धूर सुटतो आणि आपल्या कॉकपिटला गॅलरी नाही.

आपण कायदा पुढे कराल: अमेरिकेतसुद्धा हौशी बांधणीच्या प्रायोगिक विमानाला प्रमाणित वायरची सक्ती नाही. बरोबर आहे. कायद्याने सवलत दिली म्हणून धूर ती देत नाही. मग आपण हुकमी पान टाकाल: १९९८ साली कोसळलेल्या स्विसएअर १११ या विमानात तर विमानाचीच वायर होती, तरी २२९ माणसे गेली! तेही खरे. पण तो पुरावा आपल्या बाजूने बोलत नाही. चौकशीत आगीचे मूळ बहुधा वायरवरच्या ठिणगीत निघाले आणि ती पसरली शेजारच्या इन्सुलेशनच्या ज्वालाग्राही आवरणामुळे. पहिला वास आल्यापासून २१ मिनिटांत विमान समुद्रात होते. चांगल्या वायरने हे होत असेल, तर अनोळखी वायरला किती संधी द्यायची, हा हिशेब आपणच मांडा.

बाजारावर माझा राग नाही. सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, चाचणीचे दिवे खुशाल तिथून आणा. बिघडले तर खालीच बिघडतील. जे आपल्याबरोबर वर जाणार आहे त्याला मात्र नाव, गाव, बॅच नंबर असू द्या. टेफझेल मागताना २२७५९/१६ हा तिच्या मानकाचा आकडा वायरच्या अंगावर छापलेला दिसतो का पाहा, सोल्डरच्या रिळावर ६३-३७ आणि उत्पादकाचे नाव वाचा, बिल जपून ठेवा. परदेशातून थोडीशी मागवायला कुरियरच जास्त पडते, ही तक्रार रास्त आहे. तरीही इंजिनाच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळच. दुकानदार ‘सगळं एकच असतं साहेब’ म्हणाला, तर त्याचे आभार मानून रिकाम्या हाताने परत फिरा.



आपल्याच गच्चीखाली राहणारा,
एक शेजारी